भुयारातल्या शहराची बाजू : ‘सिटी ऑफ एम्बर’ला भंगारात काढण्यापूर्वी

जुना कंदील

‘किशोरांसाठीचे दहा फसलेले चित्रपट’ ही यादी गेल्या आठवड्यात वाचली. त्यांतल्या नऊ चित्रपटांशी मला काही कर्तव्य नाही. सातव्या क्रमांकावर मात्र ‘सिटी ऑफ एम्बर’ दिसला आणि त्याच्यापुढे एवढेच लिहिले होते : “भुयारातले शहर, म्हशीएवढी चिचुंद्री, झोप आलेला बिल मरे आणि दीड तासाची माती.” माती कशाला म्हणावे याबद्दल यादीकारांचे आणि माझे एकमत होणार नाही, म्हणून हे सविस्तर उत्तर.

पुढे २०१२ पासून अशा चित्रपटांची जी लाट आली, तिच्यात एक क्रूर सत्ताधीश, त्याचे गणवेशातले सैनिक आणि त्यांना भिडणारी एक मुलगी हे त्रिकूट ठरून गेले होते. २००८ च्या या चित्रपटात तसा सत्ताधीशच नाही. एम्बर हे भुयारातले शहर बांधणाऱ्यांनी बाहेर पडण्याच्या सूचना एका पेटीत ठेवल्या, दोनशे वर्षांनी आपोआप उघडेल असे कुलूप तिला लावले आणि ती पेटी एका महापौराने पुढच्याच्या हाती द्यायची असे ठरवून दिले. सातवा महापौर अचानक मेला, पेटी कोणाच्या तरी कपाटात गेली आणि पुढे ती आहे हेच लोक विसरले. कोणी कट केला नाही की कोणी बंदी घातली नाही. एक निरोप पोचायचा राहिला आणि त्यापायी एक अख्खे शहर हळूहळू विझत निघाले. दहा मिनिटांच्या आत, एकही भाषण न देता, ज्या चित्रपटाने हे मांडले त्याला माती म्हणण्याचे धाडस माझ्याच्याने होत नाही.

बिल मरेचा महापौर कोल झोपाळू आहे, ही यादीकारांची तक्रार. अहो, तो झोपाळूच असायला हवा. तो जुलमी नाही, तो चोरटा आहे. शहरात अन्नाचे डबे संपत आलेले असताना आपल्या चोरकोठडीत बसून गुपचूप खाणारा माणूस आहे तो. गावच्या सोसायटीच्या गोदामाची किल्ली ज्याच्या कमरेला असते, त्या अध्यक्षाकडे एकदा नीट पाहा. तोही दुपारी दोन वाजता असाच डुलक्या घेत असतो.

आणि ते शहर! बेलफास्टमध्ये ‘हारलँड अँड वूल्फ’ या जहाज बांधणाऱ्या कंपनीच्या आवारात, म्हणजे जिथे टायटॅनिक बांधले गेले तिथे, जहाजांचे भाग रंगवण्याची एक प्रचंड शेड आहे. तिच्यात हे शहर खरेखुरे उभे केले होते. चौक, घरे, डोक्यावरून कोळिष्टकासारख्या ताणलेल्या तारा आणि त्यांना लोंबकळणारे दिवे. नंतर ‘गेम ऑफ थ्रोन्स’वाल्यांनी तीच शेड वापरली आणि जगभर वाहवा मिळवली. चित्रपटाची नायिका लीना निरोप्याचा लाल झगा उडवत गल्ल्यांतून पळते तेव्हा भिंतीचा पोपडा हाताला लागेल असे वाटते. संगणकावर रंगवलेल्या शहरात हे वाटत नाही.

शाळा संपताना मुलांनी थैलीतून चिठ्ठी काढायची आणि जे काम निघेल ते जन्मभर करायचे, या प्रसंगाबद्दल तर यादीत चकार शब्द नाही. लीनाला नळखाते मिळते, डून नावाच्या मुलाला निरोप्याचे काम मिळते आणि दोघे गुपचूप अदलाबदल करतात. डूनला जनित्रापर्यंत पोचायचे असते आणि तो त्यासाठी चांगली नोकरी सोडून गळक्या पाइपांत उतरतो. आपल्याकडे बारावीनंतर काय होते ते पाहिलेल्या माणसाला हा प्रसंग पाहून काहीही वाटू नये, याचे मला आश्चर्य वाटते.

यादीकार

कंदीलराव, एका ओळीला आपण पाऊण पानाचे उत्तर दिलेत, त्याबद्दल आभारी आहे. परंतु एवढ्या मजकुरात चिचुंद्रीचा उल्लेख फक्त माझ्या अवतरणात आला आहे, हे माझ्या नजरेतून सुटलेले नाही. तिच्यावर आपल्याला काहीच म्हणायचे नाही काय?

नेपथ्य सुंदर आहे, हे मी कधीच नाकारले नाही. सुंदर भिंतींच्या आत बसून काय पाहायचे, हा माझा प्रश्न आहे. टिम रॉबिन्स आणि मार्टिन लँडाऊ या नटांसारखी माणसे घ्यायची, एकाला घरात यंत्रांशी खुडबुड करायला लावायचे आणि दुसऱ्याला नळखात्याच्या कोपऱ्यात डुलक्या काढायला बसवायचे, याला काटकसर म्हणतात की उधळपट्टी? शेवटच्या वीस मिनिटांत चित्रपटाने जत्रेतल्या पाण्याच्या घसरगुंडीचे रूप घेतले आहे : चाक फिरते, होडी सुटते, मुले किंचाळतात. आपण ज्या “निरोप पोचला नाही” या कल्पनेवर भाळला आहात, ती पहिल्या दहा मिनिटांनंतर चित्रपटाच्याच कपाटात जाऊन पडते. तिची आठवण पुन्हा कोणाला होत नाही.

अटलांटिकपार

मी यादीकारांच्या बाजूने आहे, परंतु त्यांची कारणे मला मान्य नाहीत. इथे अमेरिकेत जीन ड्यूप्रॉ यांची ही कादंबरी अनेक शाळांत वाचायला लावतात. माझ्या मुलीने ती सहावीत वाचली आणि रोज रात्री एक प्रकरण मोठ्याने वाचायचे या अटीवर मलाही ऐकवली. त्यानंतर आम्ही दोघींनी हौसेने चित्रपट लावला. अर्ध्या तासात मुलगी उठून गेली.

कादंबरीत लीना आणि डून बारा वर्षांची आहेत. चित्रपटात लीना झालेल्या सर्शा रोननचे वय शोभते, ती त्या वेळी तेरा-चौदाची होती आणि तिचे काम उत्तम आहे, यात वाद नाही. डून झालेला हॅरी ट्रेडवे मात्र तेव्हा विशी ओलांडून चार-एक वर्षे पुढे गेलेला होता. बारा वर्षांच्या मुलाच्या हाती शहराचे भवितव्य येणे आणि दाढी करणाऱ्या तरुणाच्या हाती येणे, यांत काही फरक आहे की नाही?

आणखी एक गोष्ट सांगते, कारण ती मला फार लागली. पुस्तकातल्या मुलांना ‘होडी’ हा शब्दच ठाऊक नसतो. मेणबत्ती ठाऊक नसते, काडेपेटी ठाऊक नसते. हातात धरून नेता येईल असा उजेड त्या शहराने कधी पाहिलेलाच नाही, म्हणून शहराबाहेरच्या अंधारात कोणी जाऊ शकलेले नाही. पेटीतल्या कागदाचा लीनाच्या धाकट्या बहिणीने चघळून चोथा केलेला आहे आणि त्या तुकड्यांवरचे शब्द जुळवताना प्रत्येक शब्द म्हणजे एक बंद दार आहे. माझी मुलगी त्या प्रकरणाशी थांबली आणि म्हणाली, “आई, त्यांना होडी माहीत नाही, मग ती दिसली तरी त्यांना कळणार कसे?” चित्रपटाने हे सारे घाईघाईत उरकले आणि वाचलेला वेळ यंत्रांच्या करामतीला दिला. बाहेर पोचलेली मुले शेवटी खालच्या शहरात टाकतात तो दगडही तसाच : पुस्तकात चिठ्ठी बांधलेला दगड शेजारच्या मर्डोबाईंच्या पुढ्यात पडतो, चित्रपटात तो नेमका डूनच्या वडिलांच्या हाती लागतो. एवढ्या मोठ्या शहरात दगडालाही नातेवाईक ओळखता येतात!

तिकीटबारी

कलेचे आपण सर्वजण पाहाल, मी हिशेबापुरते बोलतो. सुमारे साडेपाच कोटी डॉलर खर्च आणि जगभराची कमाई दोन कोटींच्याही आत. चित्रपट प्रदर्शित झाला तो दिवस १० ऑक्टोबर २००८. लेहमन ब्रदर्स ही अमेरिकी बँक बुडून महिनाही झाला नव्हता आणि त्याच आठवड्यात डाऊ जोन्स हा तिथला शेअर निर्देशांक सुमारे अठरा टक्क्यांनी कोसळला होता. गोदाम रिकामे होत आहे, अधिकारी खोटे धीर देत आहेत आणि दिवे जात आहेत, अशी गोष्ट पैसे मोजून पाहायला जावे, असा तो शुक्रवार नव्हता. जाणकार याला फसलेला चित्रपट म्हणतात. मी फसलेली तारीख म्हणतो.

निवृत्त टर्बाइन

जलविद्युत क्षेत्रात चौतीस वर्षे काढलेला माणूस म्हणून मला इथे लिहिणे भाग आहे. आपण सर्व जण नट, दिग्दर्शक आणि दाढी यांच्यावर बोलत आहात, पण मूळ खोट कोणी दाखवत नाही. जमिनीखालच्या नदीवर चालणारे एक जनित्र दोनशे वर्षे शहराला वीज पुरवते, हे विधान आपण निमूटपणे गिळले कसे?

टर्बाइनचे रनर, म्हणजे पाण्याने फिरणारे पात्यांचे चाक, हे भांडे घासल्यासारखे झिजते. पाण्यात बारीक वाळू असेल तर काही पावसाळ्यांतच पात्यांच्या कडा खाल्ल्या जातात, मग त्यांवर वेल्डिंग करून भर घालावी लागते, घासून आकार द्यावा लागतो आणि तोल पुन्हा साधावा लागतो. जनित्राच्या गुंडाळीवरचे विद्युतरोधक आवरण तीस-चाळीस वर्षांत म्हातारे होते. बेअरिंगला तेल लागते, शाफ्टच्या सीलला सुटे भाग लागतात, कार्बन ब्रश तर साबणाच्या वडीसारखे संपतात. एम्बरमध्ये हे कोण बनवतो? त्या शहरात ओतशाळा दिसली कोणाला?

आता दिव्यांचे घ्या. साध्या तंतूच्या दिव्याचे आयुष्य १९२४ साली जिनिव्हात जमलेल्या कंपन्यांनी संगनमत करून हजार तासांवर आणून ठेवले, हे जगजाहीर आहे. कॅलिफोर्नियातल्या लिव्हरमोरच्या अग्निशमन केंद्रात १९०१ पासूनचा एक दिवा अजून मिणमिणतो, परंतु तो अपवाद आणि त्याचा उजेडही नावापुरता. माझ्या नातवाच्या पुस्तकाप्रमाणे एम्बरमधले दिवे सकाळी सहाला लागतात आणि रात्री नवाला मालवतात. रोजचे पंधरा तास धरले तर वर्षाचे ५,४७५ तास होतात. म्हणजे एका होल्डरला वर्षाला साडेपाच दिवे आणि दोनशे वर्षांत सुमारे अकराशे. एका होल्डरला! चौकातले होल्डर आपण मोजा आणि ते गोदाम केवढे असेल ते मला कळवा.

जुना कंदील

टर्बाइनकाका, आपला हिशेब बिनचूक आहे आणि आपण तो माझ्याच बाजूने केला आहे, हे आपल्या लक्षात आलेले दिसत नाही. यंत्र दोनशे वर्षे चालत नाही, हेच तर चित्रपट सांगतो! ते कोलमडत आहे, ते नीट करण्याचे ज्ञान कोणाकडे उरलेले नाही आणि सगळे जण ठिगळे लावत आहेत. कादंबरी तर २४१ व्या वर्षी सुरू होते, म्हणजे ठरल्यापेक्षा चाळीस वर्षे अधिक ते ओढले गेले आहे. बांधणाऱ्यांनी दोनशेचाच वायदा केला होता.

पहिल्या लेखात मी एक सांगायचे टाळले होते, ते आता सांगतो. मी हा चित्रपट २००९ मध्ये तालुक्याच्या गावी, भाड्याने आणलेल्या तबकडीवर पाहिला. तेव्हा आमच्याकडे रोज बारा-बारा तास भारनियमन असे. चित्रपटात चौथ्यांदा दिवे गेले त्याच सुमारास आमचेही गेले आणि माझी आई नेहमीच्या सवयीने म्हणाली, “गेली वाटतं.” पडद्यावरच्या माणसांचा तो गोठून उभे राहण्याचा क्षण, कोणी कोणाला हाक न मारता नुसते थांबणे, हे बेलफास्टच्या शेडमध्ये बसून कोणाला कसे सुचले असेल याचे मला अजून नवल वाटते.

चिचुंद्रीबद्दल : ती नसती तर बरे झाले असते. झाले समाधान?

यादीकार

अर्धे झाले. परंतु “आमच्याकडे दिवे जात, म्हणून चित्रपट चांगला” हा युक्तिवाद मला मान्य नाही. आमच्याकडे पाणीही जात असे; म्हणून नळाच्या जाहिरातीला मी अभिजात कलाकृती म्हणत नाही. शिवाय अंधाराचा मक्ता केवळ तालुक्याच्या गावांकडे नाही. पुण्यात आम्हीही मेणबत्तीच्या उजेडात अभ्यास केलेला आहे.

बांधावरून

पुण्यातल्या मेणबत्तीबद्दल वाचून माझे डोळे पाणावले. २००६ च्या सुमारास पुण्याच्या कारखानदारांनी आपापले जनरेटर चालवून शहराला भारनियमनातून सोडवले आणि त्याच्या मोबदल्यात पुणेकरांनी जादा आकार भरला, हे आम्ही तेव्हा वर्तमानपत्रात वाचले होते. वर्तमानपत्रही सकाळीच वाचावे लागे, कारण संध्याकाळी घरात उजेड नसे. आपल्या अभ्यासाची मेणबत्ती कोणत्या सालची आहे, तेवढे कृपया सांगावे.

शेतीला थ्री फेज वीज कितीदा तरी रात्री येते, हे या धाग्यावरच्या किती जणांना ठाऊक आहे? रात्री साडेबाराला लाइट आली की मोटार चालू करायची, उसाला पाणी धरायचे आणि पहाटेपर्यंत दारी मोडत, म्हणजे पाणी एका सरीतून दुसरीत वळवत, फिरायचे. पायात चिखल, हातात बॅटरी आणि बॅटरीचा सेल उतरलेला. माझ्या चुलतभावाला अशाच एका रात्री पाटाच्या कडेला फुरसे चावले. तो वाचला, परंतु पुढे दोन वर्षे त्याने रात्री शेतात पाऊल टाकले नाही. फुरसे केवढे असते? वीतभर किंवा फार तर हातभर. म्हशीएवढे नसते.

म्हणून चित्रपटावर माझा आक्षेप तुम्हा सर्वांपेक्षा वेगळा आहे. ज्याला अंधार माहीत असतो तो अंधारात जनावर दाखवत नाही. दिसणाऱ्या जनावरापासून पळता येते. या लोकांनी चौक सुंदर अंधारात बुडवला, माणसे गोठवली, आणि मग स्वतःच्याच कामावर भरवसा न उरल्यासारखे ताऱ्यासारख्या नाकाचे ते सोंग बोगद्यात सोडले. तिथे मला कळले की हे लिहिणारा माणूस शहरातला आहे. कंदीलराव, आपण “ती नसती तर बरे झाले असते” एवढ्यावर सुटू शकत नाही. त्या एका प्राण्याने आपला अख्खा युक्तिवाद खाल्ला आहे, आणि शेवटी महापौरालाही!

यादीकार

२००६ नंतरही पुण्यात वीज जात असे आणि माझी मेणबत्ती त्यापूर्वीची, १९९० च्या दशकातली आहे. जन्मतारखेचा दाखला जोडू काय? चित्रपटाबद्दल मत द्यायला आता सातबाराही लागणार असेल तर तसे धाग्याच्या वर लिहून ठेवावे, म्हणजे आमच्यासारखे भूमिहीन लोक इकडे फिरकणार नाहीत.

बांधावरून

दाखला नको. एक रात्र या, दारी मोडायला हात कमीच आहेत.

अटलांटिकपार

आपण दोघे जण विजेवरून भांडत आहात आणि पुस्तकातल्या माझ्या एकाही मुद्द्याला कोणी उत्तर दिलेले नाही. ड्यूप्रॉ यांचे लहानपण १९५० च्या दशकातल्या अमेरिकेत, अणुबॉम्बच्या सावटाखाली गेले. लोक तेव्हा घराच्या अंगणात तळघरे खोदून त्यांत डबाबंद अन्न भरून ठेवत. एम्बर हे त्या तळघराचे वाढवलेले रूप आहे. म्हणजे ही गोष्ट मुळात विजेची नाहीच. आपल्या मुलांना आपण कशाच्या भीतीने कुठे कोंडतो आणि का कोंडले ते त्यांना सांगतो की नाही, याची आहे. चित्रपटाने तिथे दोन्ही मुलांच्या वडिलांचा जुना पळून जाण्याचा बेत घुसडला, लीनाच्या वडिलांना त्यात बुडवले आणि सारे काही कौटुंबिक गुपित करून टाकले. पुस्तकातली मुले कोणाचेही अपुरे काम पुरे करत नाहीत, ती फक्त कुतूहलाने शोधतात. मला तेच अधिक मोठे वाटते.

जुना कंदील

ताई, हा मुद्दा मला मान्य आहे आणि तो मान्य करताना मला आनंद होत नाही. वडिलांचा धागा अनावश्यक आहे. होडीच्या शब्दाबद्दल मात्र एक सांगतो : शब्द माहीत नसणे हे कागदावर जितके दिसते तितके पडद्यावर दिसत नाही, कारण होडी समोर आली की प्रेक्षकाला ती दिसतेच. त्याऐवजी पटकथाकार कॅरोलाइन थॉम्प्सन यांनी निरोप तोंडी पोचवण्याच्या प्रथेवर भर दिला आहे. लीना निरोप ऐकते, पाठ करते, पळते आणि जसाच्या तसा म्हणून दाखवते. ज्या शहरातला सर्वांत मोठा निरोप वाटेत हरवला, तिथे एक मुलगी दिवसभर लोकांचे फुटकळ निरोप बिनचूक पोचवते आहे. यादीकारांनी म्हटले की मूळ कल्पना दहा मिनिटांनंतर कपाटात जाते. ती जात नाही, लाल झगा घालून सबंध चित्रपटभर पळत असते.

यादीकार

हे वाक्य आपण आधी लिहिले असते तर एवढा खल करावा लागला नसता. झग्याचा मुद्दा मला सुचला नव्हता, हे मी नोंदवून ठेवतो. झोपाळू महापौर आणि पाण्याची घसरगुंडी यांना तो झगा झाकत नाही, हेही त्याच्याच शेजारी नोंदवतो.

निवृत्त टर्बाइन

नातवाने आग्रह केला म्हणून काल चित्रपट पुन्हा पाहिला. यंत्रशास्त्राबद्दलचे माझे मत कायम आहे. परंतु दिवा जाण्यापूर्वी त्याचा तंतू आधी पिवळा, मग विडीच्या टोकासारखा लाल होतो आणि मग जातो, हे या लोकांनी ज्या प्रकारे दाखवले आहे, त्यामुळे मला एक जुनी रात्र आठवली आणि ती सांगितल्यावाचून राहवत नाही.

सह्याद्रीच्या पोटातल्या एका भूमिगत विद्युतगृहात मी तेव्हा पाळीप्रमुख होतो. कोयना प्रकल्पाच्या पोफळीसारखी विद्युतगृहे ज्यांनी आतून पाहिली आहेत त्यांना ठाऊक असेल : बोगद्यातून बरेच आत जावे लागते, डोक्यावर डोंगर असतो, खाली यंत्रे असतात आणि खडकातून झिरपणारे पाणी उपसणारे पंप अहोरात्र चालू असतात. जुलैच्या एका रात्री बाहेरच्या वाहिन्या कोसळल्या आणि आमचे सर्व संच एका झटक्यात बंद पडले. डिझेल जनरेटर सुरू होईना. अशा वेळेसाठी बॅटरीवरचे दिवे असतात. ते लागले, मिनिटभर लाल झाले आणि गेले. यंत्रांचा आवाज इतकी वर्षे कानात होता की तो थांबल्यावर मला बहिरे झाल्यासारखे वाटले. मग खालच्या खड्ड्यात पाणी पडत असल्याचा आवाज ऐकू येऊ लागला.

मी, म्हणजे पदवीधर अभियंता, टेबलावरची किल्ली चाचपडत होतो. आमचा एक वयस्कर फिटर म्हणाला, “साहेब, हलू नका. आधी कठडा धरा.” त्याने आम्हा नऊ जणांना एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवायला लावले आणि मोठ्याने मोजत वर नेले. अठरा पायऱ्या, मग चौथरा, डावीकडे वळण, पुन्हा अठरा. “चौथी फुटकी आहे, पाय आत टाका,” असे तो म्हणाला आणि ती खरोखर फुटकी होती. मी त्या जिन्याने तीन वर्षे रोज जात होतो आणि मला ते ठाऊक नव्हते.

दुसऱ्या दिवशी बॅटरीची नोंदवही उघडली. प्रत्येक सेलच्या आम्लाची घनता, आठवड्यामागून आठवडा, एकाच शाईत, एकाच वळणदार अक्षरात, सगळीकडे १.२००, म्हणजे बॅटरी पूर्ण भरलेली असल्याचा आकडा. खुर्चीवर बसून भरलेली. खालची सही माझी होती.

तेव्हा सातव्या महापौराला नावे ठेवण्यापूर्वी मी आता थोडा थांबेन. मात्र अकराशे दिव्यांचा हिशेब मी मागे घेत नाही.

बांधावरून

काका, हे चित्रपटात असते तर मी दोनदा पाहिला असता.

तिकीटबारी

आणि आपण दोघांनीच पाहिला असता.

अटलांटिकपार

मुलीला ही हकीकत वाचून दाखवली. ती आता कॉलेजात आहे. तिचे म्हणणे असे की चित्रपट अजूनही पुस्तकाच्या पासंगालाही पुरत नाही, परंतु सुट्टीत घरी आल्यावर उठून न जाता तो पूर्ण पाहायला तिची हरकत नाही. यापेक्षा अधिक सवलत आमच्या घरातून मिळणार नाही.

यादीकार

चिचुंद्रीसकट सातवा क्रमांक कायम ठेवतो. “दीड तासाची माती” एवढे शब्द काढून टाकतो, कारण त्यावरून झालेली चर्चा दीड तासाहून लांबली आहे. बिल मरेची झोपही तशीच राहील. टर्बाइनकाका, एक विचारायचे राहिले : ती फुटकी पायरी पुढे दुरुस्त झाली का?

निवृत्त टर्बाइन

तिची नोंद मी दुसऱ्याच दिवशी वहीत केली होती, तारखेसह. चार वर्षांनी माझी बदली झाली, तेव्हा शेवटच्या दिवशीही मी तिथे पाय आत टाकूनच उतरलो.